नानांच्या खोलीतली वीज

वीज घाणेरडी असते हे नानांना वयाच्या बहात्तराव्या वर्षी कळलं, आणि तेही पोटच्या पोराकडून. ज्या माणसानं चाळीस वर्षं खांबावर चढून लोकांच्या घरात दिवे लावले, त्याला त्याचा मुलगा सकाळच्या चहाला समजावून सांगत होता की भिंतीतून येते ती वीज म्हणजे निव्वळ गाळ. शेजाऱ्यांचा मिक्सर, समोरच्या इमारतीची लिफ्ट, गल्लीच्या तोंडाशी चालणारं वेल्डिंग, सगळ्यांची घाण म्हणे त्या तारेत उतरते आणि आपण तीच स्पीकरमधून ऐकत बसतो. नानांनी विचारलं, मग इतकी वर्षं काय ऐकत होतास? मुलगा म्हणाला, तेच तर ना, घाण ऐकत होतो.

आता हा मुलगा काही वेडा नव्हता. विमा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. लोकांचे दाव्यांचे कागद तपासायचे आणि त्यातली खोट शोधून काढायची हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण दिवसभर खोट काढणाऱ्या माणसाला घरी आल्यावर तरी चैन कुठून पडणार? गाणं लागलं की बाकीचे लोक गाणं ऐकतात, हा गाण्यामागची घरघर ऐकायचा. आधी ती त्याला वायरीत सापडली, म्हणून वायरी बदलल्या. मग टेबलात सापडली, टेबल बदललं. शेवटी ती थेट विजेतच सापडली. मग काय, हॉलमध्ये सोफ्यामागे ट्रकला लावतात तसल्या चार बॅटऱ्या येऊन बसल्या. हा ऑफिसात असताना त्या स्वयंपाकघरातून ओढलेल्या वायरीवर चार्ज व्हायच्या, संध्याकाळी चार्जर काढून टाकायचा आणि नुसत्या बॅटऱ्यांवर गाणं लावायचं. बॅटरीतली वीज म्हणे निवळून आलेली असते. स्पीकरजवळचा सॉकेट तर त्यानं भिंतीतून उपटून काढला आणि त्या भोकावर लाकडी पट्टी ठोकली, जसा काही तिथून साप निघणार होता.

त्या बॅटऱ्यांचे लाड काही विचारू नका. त्यांना ऊन सोसत नाही म्हणून पडदे बंद. त्या तापतात म्हणून नानांचा टेबलफॅन त्यांच्यासमोर. दर रविवारी चष्मा लावून, झाकणं उघडून, पाणी किती उतरलंय ते बघायचं आणि जपून जपून डिस्टिल्ड वॉटर घालायचं. नानांच्या गुडघ्याचं औषध संपून चार दिवस झाले तरी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, पण तिसऱ्या बॅटरीत पाणी जरा खाली गेलं की घरात धावपळ. गाणं चालू असताना फ्रिजसुद्धा बंद ठेवायचा, कारण फ्रिजची घरघर हवेतून येते. सूनबाई दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दाढा कोरून घरी यायची आणि नासलेलं दूध मोरीत ओतायची. ती फारसं बोलायची नाही. एकदाच म्हणाली होती, आम्ही निदान त्रास देण्याआधी भूल तरी देतो.

नानांनी हे सगळं हसण्यावारी नेलं. पोरगं दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, बॅटऱ्या पाळतंय, तर पाळू दे. पण एक दिवस गोष्ट त्यांच्या खोलीवर आली आणि नानांचं हसू मावळलं.

खोली हॉलला लागूनच होती. एक खाट, एक टेबल, दोन बाजूंना दोन खिडक्या आणि आतून कडी लागणारं दार. नोकरीभर नाना लोकांच्या अंगणात, रस्त्यावर, खांबाच्या टोकावर राहिले. जेवायला बसले की कोणाचा तरी फोन यायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी देवाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं, एक कडी मागितली होती. दुपारी कडी लावायची, टेबलावर पकडी, टेस्टर, जुने मीटर पसरायचे, काहीतरी खोलायचं, काहीतरी जोडायचं, वाटलं तर घोरायचं. हे सगळं त्या कडीच्या आत. हे घर बांधलं तेव्हा तारा त्यांनी स्वतः ओढल्या होत्या, त्यामुळे कुठल्या भिंतीत काय आहे ते त्यांना डोळे मिटून सांगता यायचं.

मुलानं विषय फार गोडीनं काढला, म्हणजे घाट आधीच घातलेला होता. चार बॅटऱ्या कमी पडतात, म्हणाला. आठ लागतील. डाव्या स्पीकरला चार, उजव्याला चार. आठ बॅटऱ्या चार्ज होताना वाफा सोडतात, त्यांना वारा खेळता लागतो, आणि दोन खिडक्यांची खोली घरात एकच आहे. तुम्ही हॉलमध्ये दिवाणावर झोपा ना, नाना. तुम्हालाही सोबत होईल. नानांनी विचारलं, मला सोबत पाहिजे असं तुला कोणी सांगितलं? त्यावर मुलगा म्हणाला की अजून पक्कं काही नाही, रविवारी आमचे सर येऊन ऐकतील. ते म्हणाले चार पुरे, तर चार. ते म्हणाले आठ, तर मग बघू. ‘बघू’ म्हणजे काय ते नानांना चांगलं ठाऊक होतं. खात्यातले साहेब बदली करायच्या आधी असंच म्हणायचे.

हे सर म्हणजे पूर्वी पडद्यांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ. दुकान विकून आता ते लोकांच्या घरी जाऊन त्यांचे स्पीकर ऐकत. तानसेन होता येत नसेल तर कानसेन तरी व्हावं म्हणतात, तर नानांनी त्यांचं नाव कानसेनच ठेवलं होतं. कानसेन डोळे मिटून बसायचे, आणि काही खटकलं की उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. बोलायचे नाहीत. ते एक बोट वर झालं की पुढच्या आठवड्यात त्या घरात काहीतरी नवीन यायचं. आता त्या बोटावर नानांची कडी टांगलेली होती.

शनिवारी दुपारी मुलगा बाहेर गेला तसे नाना मीटर घेऊन हॉलमध्ये आले आणि सोफ्यामागे शिरले. चारही बॅटऱ्या त्यांनी एकेक करून तपासल्या. तीन ठीक होत्या. भिंतीकडची एक मात्र वरून धट्टीकट्टी आणि आतून पोकळ निघाली. मीटरवर ती भरलेली दाखवायची, पण तिच्यावर जरा भार टाकला की बसलीच. नानांनी हिशेब केला. उद्या गाणं लागेल, पहिली पंधरा-वीस मिनिटं छान जातील, मग आवाज दबेल, फाटेल, कानसेनांचं बोट वर होईल आणि आठ बॅटऱ्या लागतात हे सिद्ध होईल. एक बॅटरी खराब आहे असं आपण सांगितलं तर मुलगा म्हणणार, बघा, म्हणजे बॅटऱ्या कमीच पडतात. इकडे आड, तिकडे विहीर.

नाना मोरीवरच्या माळ्यावर चढले. गुडघा कुरकुरला, पण खांबापुढे माळा म्हणजे काय. तिथे अ‍ॅम्प्लिफायरबरोबर आलेला, भिंतीत लावायचा मूळचा अ‍ॅडाप्टर धूळ खात पडला होता. कंपनीनं बिचारीनं तो दिला होता, कारण कंपनीला वाटलं होतं की गिऱ्हाईक शहाणं असेल. नानांनी अ‍ॅडाप्टर पुसून घेतला, बॅटऱ्यांची लाल वायर आतल्या आत सोडवून टोपणाखाली चिकटपट्टीनं बांधून ठेवली, म्हणजे बाहेरून सगळं जोडलेलं दिसावं. अ‍ॅडाप्टर बॅटऱ्यांच्या मागे लपवला. त्याला वीज द्यायला हॉलमध्ये सॉकेट राहिला नव्हताच, म्हणून भिंतीच्या तळाशी टीव्हीच्या जुन्या केबलचं भोक होतं त्यातून वायर पलीकडे आपल्या खोलीत घेतली आणि खाटेजवळच्या सॉकेटमध्ये लावली.

सोफ्यामागून मागे मागे सरकत बाहेर येताना त्यांना सूनबाईची चप्पल दिसली. ती दारात उभी होती, किती वेळ कोण जाणे. नानांनी सगळं सांगून टाकलं. सांगण्यासारखं दुसरं काही सुचलंच नाही. सूनबाईनं वाकून बघितलं, अ‍ॅडाप्टरचा एक कोपरा दिसत होता त्यावर फडकं टाकलं आणि म्हणाली, उद्या काहीही झालं तरी तुम्ही तोंड उघडू नका, नाना. बाकी सगळं ठीक होईल. एवढं एक करा. नाना म्हणाले, मी कशाला तोंड उघडतो?

रविवारी अकरा वाजता कानसेन आले. बरोबर दोन शिष्य होते. एक डोळ्यांचा डॉक्टर, एक जमीनमोजणीवाला. दोघंही कानसेन बसेपर्यंत बसले नाहीत. मुलानं बॅटऱ्यांवरून एकदा हात फिरवला, वरचे दिवे हिरवे आहेत हे सगळ्यांना दाखवलं, फ्रिज बंद केला आणि बासरीची एक रेकॉर्ड लावली. नाना कोपऱ्यातल्या खुर्चीत, हाताची घडी घालून. त्यांचे डोळे त्या बोटावर.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. बासरी सुरेल वाजत होती. भिंतीतली वीज, शेजाऱ्यांचा मिक्सर आणि समोरची लिफ्ट पोटात घेऊन, अ‍ॅडाप्टरमधून निमूट येत होती. अर्ध्या तासानं रेकॉर्ड संपली तेव्हा कानसेनांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांची ब्रह्मानंदी टाळी लागली होती. डोळ्यांच्या डॉक्टरनं रुमाल काढून स्वतःचे डोळे टिपले. जमीनमोजणीवाला म्हणाला, बासरीवाल्याचा श्वास ऐकू आला, आधी कधी ऐकू आला नव्हता.

कानसेनांनी डोळे उघडले. “चार पुरे आहेत,” ते म्हणाले. “याच्यापुढे काही करायला जाऊ नका. बिघडेल.”

झालं. खोली वाचली. मुलाचा चेहरा फुलला, सूनबाईनं स्वयंपाकघराच्या दारातून नानांकडे बघून पापण्या मिटल्या. नानांना वाटलं उठावं, आत जावं, कडी लावावी आणि मनसोक्त हसावं. त्यांनी खुर्चीच्या हातांवर हात टेकलेसुद्धा. तेवढ्यात चहा आला, आणि चहाबरोबर कानसेनांची जीभ सैल झाली. त्या चहानं घात केला म्हणायचा.

कानसेन शिष्यांना सांगू लागले की आज जी शांतता ऐकलीत, स्वरांच्या मागची काळीभोर शांतता, ती फक्त बॅटरीच देऊ शकते. भिंतीतली वीज म्हणजे गटाराचं पाणी. शिष्यांनी माना हलवल्या. नानांनी ऐकून घेतलं. पोराकडून रोज ऐकतच होते, त्यात नवीन काय? मग कानसेन म्हणाले, आणि दोष विजेचा तरी कसा म्हणायचा? दोष ती आणणाऱ्यांचा. हे लाइनवाले. तारेला तार पिळतात, चिकटपट्टी गुंडाळतात आणि विडी पेटवून निघून जातात. त्यातून काय वाहतंय याची त्यांना ना अक्कल ना फिकीर. मुलगा हे ऐकत होता. त्याचा बाप तीन हातांवर बसला होता. आणि मुलानं मान हलवली.

नानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वादळात पडलेली लाइन उभी करताना त्यांच्या डोळ्यांदेखत एक सोबती खांबावरून गेला होता. पिळलेली तार म्हणे. विडी म्हणे. खोली, खाट, कडी, सूनबाईनं काल दिलेली ताकीद, काही काही आठवलं नाही. आठवली ती फक्त त्या पोराची हललेली मान.

“तुम्ही जे ऐकलंत ना,” नाना म्हणाले, “ती भिंतीतलीच वीज होती.”

सूनबाईनं स्वयंपाकघरात कपाळाला हात लावला. नाना सोफ्यामागे गेले, फडकं ओढलं, अ‍ॅडाप्टर वर धरला. टोपण काढून सुटलेली लाल वायर दाखवली. एक बॅटरी मेलेली आहे, तीही कोणती, ते बोट ठेवून दाखवलं. बासरीवाल्याचा श्वास ऐकू आला म्हणालात, तो गटारातूनच आला, असं जमीनमोजणीवाल्याला ऐकवलं. हॉलमध्ये कोणी चहाचा घोटसुद्धा घेईना. मुलगा पांढराफटक पडला होता. नानांना निवृत्तीनंतर इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं, आणि खोटं कशाला सांगा, त्यांना आणखी चार लोक बघायला हवे होते.

कानसेन मात्र हलले नाहीत. नाकानं कांदे सोलणाऱ्याला रडू येत नाही. त्यांनी कप खाली ठेवला, थोडा वेळ डोळे मिटले, आणि शांतपणे विचारलं की ही वायर येते कुठून?

नाना म्हणाले, माझ्या खोलीतून.

“हॉलमधल्या सॉकेटवर घरघर होती,” कानसेन मुलाला म्हणाले. “ती मी स्वतः ऐकली होती. आज नव्हती. म्हणजे काय झालं?”

म्हणजे काय झालं ते आधी डोळ्यांच्या डॉक्टरच्या ध्यानात आलं. मग जमीनमोजणीवाल्याच्या. मग मुलाच्या. नाना एकेकाचे चेहरे उजळताना बघत राहिले. चौघंही उठून नानांच्या खोलीत शिरले. खाट सरकवली गेली. कानसेन त्या सॉकेटसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी त्यावर हलकेच बोट ठेवलं. इतकी स्वच्छ लाइन मी उभ्या जन्मात ऐकली नाही, म्हणाले. आणि तीही इतक्या लांबलचक फालतू वायरीतून. ती वायर काढली, सगळं थेट इथेच लावलं, तर काय होईल कल्पना करा.

आता नानांचं धाबं दणाणलं. अहो, ही तीच तार आहे, त्यांनी सांगितलं. हॉलमध्ये यानं पट्टी ठोकलीय ना, त्या पट्टीमागे जी आहे तीच भिंतीतून इकडे निघते. मीच ओढलीय. मध्ये फक्त वीतभर वीट आहे. एकच मीटर, एकच फ्यूज, एकच तार. पालथ्या घड्यावर पाणी. कानसेन मायेनं म्हणाले की वीतभरात फार फरक पडतो, नाना. मग नानांनी शेवटचा उपाय म्हणून सांगितलं की दोन्हीकडे लावून बघा, काही फरक ऐकू येणार नाही. तेव्हा मुलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी वर्षांत ठेवला नव्हता.

“तुम्हाला येणार नाही, नाना,” तो म्हणाला. “वय झालंय तुमचं.”

आणि मग शिष्यांकडे वळून, आवाज चढवून त्यानं सांगितलं की ही लाइन माझ्या वडिलांनी ओढलीय. स्वतःच्या हातांनी. चाळीस वर्षं लाइनमन होते ते. डोळ्यांच्या डॉक्टरनं नानांचा हात हातात घेऊन दाबला. जमीनमोजणीवाल्यानं विचारलं की तारेचा जोड तुम्ही कसा करायचात, काही खास पद्धत होती का? नाना तोंड उघडून उभे राहिले. मग त्यांनी सांगितलं. आधी तार तासून घ्यायची, म्हणाले, अगदी चकचकीत होईपर्यंत. सगळे कानात प्राण आणून ऐकत होते.

संध्याकाळी सूनबाई त्यांच्या टेबलावरच्या पकडी, टेस्टर एका खोक्यात भरत होती. खोक्यात तिनं काही आपटलं नाही, पण हळू ठेवलं असंही नाही. तिनं विचारलं, का बोललात, नाना? गप्प बसला असतात तर खोली तुमची होती. नानांना तिच्याकडे बघवेना. ते म्हणाले, त्यानं मान हलवली ना गं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं नानांनी स्वतःच स्वतःला ऐकवलं आणि उशी उचलली.

आठवडाभरात काम उरकलं. बॅटऱ्या गेल्या, खाट हॉलमध्ये आली. खाटेशेजारून येणारा जाणारा प्रत्येक जण नानांना विचारायचा, झोपलात का? दुधवाला, पेपरवाला, शेजारची आजी, सगळे. दुपारी पकडी पसराव्यात तर चहाचे कप कुठे ठेवायचे? नाना कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडायचे, पण भिंतीकडे तोंड केल्यानं खोली होत नाही. पलीकडे मुलगा दार लावून घ्यायचा. आवाज बाहेर गेला तर नासतो म्हणून आतून कडी लावायचा.

पुढच्या रविवारी सगळं जागच्या जागी बसलं आणि मुलानं कडी काढून दार उघडलं. नाना, या ना आत, म्हणाला, पहिलं गाणं तुम्ही ऐकायचं. सर उद्या येणार आहेत, पण पहिलं तुम्ही. नाना आपल्याच खोलीत पाहुण्यासारखे गेले आणि दाखवलेल्या स्टुलावर बसले. तीच बासरी लागली. मुलगा स्पीकरकडे बघत नव्हता. नानांच्या तोंडाकडे बघत होता, लहानपणी प्रगतिपुस्तक पुढे करून बघायचा तसा.

नानांना त्या भिंतीतली एकूण एक वीट माहीत होती. तार कुठून वळते, कुठे दोन बोटं ढिली आहे, सगळं माहीत होतं. रेकॉर्ड संपली तेव्हा मुलानं हळूच विचारलं, कसं वाटलं?

“हॉलपेक्षा स्वच्छ आहे,” नाना म्हणाले.

मुलाचे डोळे भरून आले. नाना उठून हॉलमध्ये आले आणि खाटेच्या कडेवर बसून राहिले. आपण पोराचं मन राखायला खोटं बोललो, असं त्यांना सूनबाईला सांगायचं होतं. पण खोटं ते नव्हतंच. त्यांना खरोखरच तसं ऐकू आलं होतं.